ट्रायथलॉन फसली, पण नेमकी कुठे?

गोव्याची हाफ डिस्टन्स ट्रायथलॉन, म्हणजे 1.9 किमी पोहणं, 90 किमी सायकल आणि 21.1 किमी धावणं, मनासारखी झाली नाही की परतीच्या वाटेवर साताऱ्याच्या स्पर्धकाच्या डोक्यात दोनच बेत घोळतात: महागडी सायकल घ्यायची, नाहीतर हा नाद सोडायचा. दोन्ही बेत आठवडाभर बाजूला ठेवावेत. स्नायूंचं दुखणं पहिले एक ते तीन दिवस चढतं, झोप विस्कटलेली असते. अशा वेळी पुढच्या शर्यतीची फीसुद्धा भरू नये. लघवी गडद तपकिरी झाली, छातीत दुखलं किंवा चक्कर येऊन पडायला झालं, तर विश्लेषण राहू द्या आणि थेट डॉक्टर गाठा. तोवर वेदनाशामक गोळ्याही टाळा. पाणी कमी झालेल्या शरीरात त्या मूत्रपिंडाला जड जातात.

त्याच संध्याकाळी एक काम मात्र उरकावं. काय खाल्लं, किती प्यायलं, कितव्या किलोमीटरला पाय भरून आले, हे लिहून काढावं. बाकीचं घड्याळात असतं, पोटात गेलेलं नसतं.

मग निकाल उघडा आणि एकूण वेळ सोडून प्रत्येक टप्प्यातला वयोगटातला क्रमांक बघा. ऊन, वारा, लाटा सगळ्यांच्याच वाट्याला येतात, म्हणून क्रमांक वेळेपेक्षा खरं बोलतो. तिन्ही टप्प्यांत क्रमांक नेहमीसारखा असेल, तर दिवसच अवघड होता. पण दोनशे जणांत पोहताना 90वा, सायकलवर 40वा आणि धावताना 150वा असा आलेख दिसला, तर संशय आधी सायकलवर घ्यावा. बहुतेकांची धाव सायकलवरच बिघडते. पॉवर मीटर, म्हणजे पेडलवरचा जोर वॅटमध्ये मोजणारं यंत्र, असेल तर पहिले आणि शेवटचे 45 किमी ताडून पाहा. हौशी स्पर्धकाने एफटीपीच्या, म्हणजे साधारण तासभर टिकवता येईल अशा कमाल पॉवरच्या, 75 ते 80 टक्क्यांवर राहावं. पहिल्या तासात 90 टक्के मारले असतील, तर उत्तर तिथेच आहे.

धावण्यातले हृदयाचे ठोकेही बोलके असतात. वेग घसरला आणि ठोके चढेच राहिले, तर उष्णता किंवा पाण्याची कमतरता. वेग आणि ठोके दोन्ही घसरले, तर इंधन संपलं किंवा पाय गळाले. पोहण्यापासूनच ठोके वर चढायला तयार नसतील, तर थकवा घेऊनच शर्यत सुरू झाली होती.

सातारकरांची एक खास अडचण आहे. सराव यवतेश्वर घाटात आणि कासच्या रस्त्यावर, तोही पावसाळी गारव्यात; शर्यत मात्र पावसाळा सरल्यावर किनाऱ्यावरच्या दमट हवेत. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो, पण दमट हवेत तो वाळतच नाही, नुसता गळतो. शिवाय घाटात उताराला पाय थांबतात, सपाट रस्त्यावर अडीच-तीन तास थांबत नाहीत. त्यावर उपाय पावसाळ्यातच सापडतो: घरात ट्रेनरवर (सायकल जागच्या जागी चालवायच्या स्टँडवर), पंखा बंद ठेवून, रोज 60 ते 90 मिनिटं हलकी सायकल, शर्यतीआधी 10 ते 14 दिवस. गरगरलं की थांबायचं आणि हे एकट्याने करायचं नाही. लांब सलग पेडलिंगसाठी सांगलीकडचे सपाट रस्ते घाटापेक्षा बरे.

खाण्याचा हिशेब सोपा, पण बहुतेक जण करत नाहीत. आतडं तासाला सुमारे 60 ग्रॅम ग्लुकोज शोषतं; फ्रुक्टोज वेगळ्या वाटेने जातं, म्हणून दोन्ही मिळून 90 ग्रॅमपर्यंत मजल जाते. साध्या साखरेत दोन्ही निम्मी-निम्मी असतात. 750 मिली पाण्यात 60 ग्रॅम साखर आणि पाव चमचा मीठ, म्हणजे सुमारे 600 मिलिग्रॅम सोडियम, ही एका तासाची बाटली. सोबत तासगावचे बेदाणे चालतील. पण हे पचवायला पोटालाही काही आठवड्यांचा सराव लागतो. शर्यतीच्या दिवशी पहिल्यांदा प्यायलात तर मळमळणारच. नुसतं पाणी ढोसणंही धोक्याचं: रक्तातलं सोडियम उतरतं. शर्यतीनंतर वजन वाढलेलं दिसलं, तर जास्त प्यायलात.

आता निर्णय. चूक वेगाची किंवा खाण्याची असेल, तर तयारी अंगात शिल्लक आहे. चार ते सहा आठवड्यांनी ऑलिंपिक अंतर, म्हणजे 1.5, 40 आणि 10 किमी, करून नवा बेत तपासावा. समुद्रात मागे पडलात, तर तलावातली वेळ फसवी होती: 25 मीटरच्या टँकमध्ये 1.9 किमी म्हणजे 76 फेऱ्या, आणि प्रत्येक वळणावर भिंतीचा धक्का फुकट. आठवड्यातून एकदा भिंतीला न टेकता वळा, दर सहा-आठ हातांनी मान वर करून समोर पाहा. क्षमताच कमी पडली असेल, तर किमान बारा आठवडे द्यावे लागतील, आणि सायकल बदलून ते कमी होत नाहीत. थकवा घेऊन गेला असाल, तर टेपर तपासा: शेवटचे दोन आठवडे अंतर 40 ते 60 टक्के घटवायचं, तीव्रता तशीच ठेवायची. शर्यतीनंतर पंधरा दिवसांनीही सकाळचे विश्रांतीतले ठोके नेहमीपेक्षा चढे राहिले, तर सराव थांबवून हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि थायरॉइड तपासून घ्यावं.