मायक्रोग्रिडची सायबर सुरक्षा: प्रश्न कुठून सुरू झाला

बेट, रुग्णालय किंवा लष्करी तळापुरती वीज पुरवणाऱ्या मायक्रोग्रिडमध्ये इन्व्हर्टर, मीटर आणि बॅटरीचे नियंत्रक आजही बऱ्याचदा मॉडबसवर बोलतात. हा प्रोटोकॉल, म्हणजे यंत्रांनी एकमेकांशी बोलण्याची ठरलेली पद्धत, मॉडिकॉन कंपनीने १९७९ मध्ये आणला. आज्ञा कोणाकडून आली हे तपासण्याची सोय मूळ मॉडबसमध्ये नाही. तेव्हा तिची गरजही नव्हती, कारण तार एकाच आवारात फिरायची आणि तिच्यापर्यंत पोहोचणारा माणूस आपलाच असायचा. पुढे हीच यंत्रे इंटरनेटला जोडली गेली, पण हा आंधळा विश्वास तसाच राहिला. आजच्या बहुतेक दुखण्यांचे मूळ मला इथेच दिसते.

त्यातून काय घडू शकते, हे अमेरिकेच्या आयडाहो नॅशनल लॅबोरेटरीने २००७ मध्ये 'ऑरोरा' चाचणीत दाखवले. २.२५ मेगावॉटच्या डिझेल जनरेटरचा ब्रेकर, म्हणजे त्याला ग्रिडशी जोडणारा-तोडणारा स्विच, मुद्दाम चुकीच्या क्षणी उघडला आणि मिटवला गेला. जनरेटर आणि ग्रिड यांची लय जुळलेली नसताना जोडणी झाली, की प्रचंड झटका बसतो. अशा काही झटक्यांत जनरेटर धूर ओकत निकामी झाला. मुख्य ग्रिडपासून सुटणे आणि लय जुळवून पुन्हा जोडले जाणे, हे तर मायक्रोग्रिडचे खास काम! म्हणजे तिच्या सर्वांत उपयुक्त क्षमतेवरच घाव घालता येतो. शिवाय मोठ्या ग्रिडमध्ये एक जनरेटर गेला तर इतर भार उचलतात. इथे अनेकदा दुसरा नसतोच.

२०१२ च्या सँडी वादळात अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठाची मायक्रोग्रिड चालू राहिली आणि अशा जाळ्यांकडे लक्ष वळले. त्यांच्यासोबत दुरून चालणारे नियंत्रणही वाढले.

डिसेंबर २०१५ मध्ये युक्रेनमधील तीन वीज वितरण कंपन्यांवर सायबर हल्ला झाला आणि सुमारे सव्वादोन लाख ग्राहकांची वीज गेली. कर्मचारी उपकेंद्रांवर धावले, त्यांनी हाताने ब्रेकर जोडले आणि काही तासांत वीज परत आली. दुरूनच सांभाळल्या जाणाऱ्या छोट्या जाळ्याकडे अशी माणसे क्वचितच असतात. २०२२ मध्ये व्हायासॅटच्या उपग्रह सेवेवर हल्ला झाला तेव्हा जर्मनीतील सुमारे ५,८०० पवनचक्क्यांचा दूरसंपर्क तुटला. वीजनिर्मिती मात्र चालू राहिली, कारण संपर्क नसतानाही त्या स्वतःच्या बळावर फिरू शकत होत्या.

नियम मोठ्यांसाठी आधी आले. उत्तर अमेरिकेतील सक्तीचे सायबर नियम मुख्यतः उच्चदाबाच्या मोठ्या ग्रिडला लागू आहेत. आयईईई या अभियंत्यांच्या संघटनेच्या २०१८ च्या मानकाने छोट्या वीजस्रोतांना संपर्काची सोय बंधनकारक केली. त्यांच्या सायबर सुरक्षेची सुधारित मार्गदर्शिका २०२३ मध्ये आली, आणि ती पाळण्याची सक्ती नाही.