मित्राची साडेसहाशे चालवून ‘काय टॉर्क आहे!’ म्हणण्याआधी

मित्राची साडेसहाशे सीसीची नेकेड (पुढचं आवरण नसलेली, इंजिन उघडं दिसणारी) बाईक अर्धा तास हातात मिळाली की परत आलेला माणूस हेल्मेट काढता काढता म्हणतो, ‘काय टॉर्क आहे रे!’ कोणत्या गिअरमध्ये जाणवला, तेव्हा टॅकोमीटरचा, म्हणजे इंजिनाच्या फेऱ्या दाखवणारा, काटा कुठे होता, असं विचारलं की गप्प. मग शेजारी उभा असलेला कुणीतरी ठरलेलं वाक्य फेकतो: ‘पॉवर टॉप स्पीडसाठी, टॉर्क पिकअपसाठी.’ हे वाक्य ऐकून ऐकून मी वैतागलो आहे. त्यावर विसंबून लोक सात-आठ लाखांची गाडी ठरवतात आणि सहा महिन्यांनी ‘खालून खेचतच नाही’ म्हणून विकायला काढतात.

पॉवरबद्दल फार सांगत बसत नाही. इंजिन एका सेकंदात किती काम उरकतं ती पॉवर, हे सगळ्यांना माहीत आहे. पीएस, बीएचपी, किलोवॅट हा पॉवर मोजायच्या एककांचा गोंधळ किरकोळ आहे: १ किलोवॅट म्हणजे सुमारे १.३६ पीएस, आणि पीएस व बीएचपीमध्ये दीड टक्क्याचाही फरक नाही. एक ६७ बीएचपीची आणि दुसरी ६८ पीएसची असेल तर त्यावरून भांडू नका, दोन्ही एकच.

टॉर्क म्हणजे पिळण्याचा जोर. मीटरभर लांबीच्या दांडीच्या टोकाला साडेसहा किलोचं वजन टांगलं की बिजागरीपाशी साधारण ६४ न्यूटन मीटर टॉर्क पडतो. बस्, एवढाच. ६५ किलोचा माणूस सायकलच्या आडव्या पेडलवर उभा राहिला तर, १७ सेंटिमीटरच्या क्रँकवर, तो क्षणभर १०८ न्यूटन मीटर देतो. कावासाकी झेड ९०० चा कमाल टॉर्क शंभराच्या आत आहे. म्हणजे सायकलवाल्याचा टॉर्क लिटरच्या जवळपास गेलेल्या चार सिलिंडरच्या इंजिनापेक्षा जास्त. तरी सायकल तिच्यापुढे का जात नाही? कारण पाय मिनिटाला साठेक वेळा फिरतात आणि ते इंजिन हजारो वेळा. १०८ न्यूटन मीटर साठ फेऱ्यांना गुणून पाहिलं तर एक पीएससुद्धा भरत नाही. सूत्र सोपं आहे: न्यूटन मीटर गुणिले आरपीएम (मिनिटाला होणाऱ्या फेऱ्या), भागिले ७०२३, की पीएस. पॉवर आणि टॉर्क हे इंजिनाचे दोन वेगळे गुण नाहीत. पॉवर म्हणजे फेऱ्यांनी गुणलेला टॉर्कच.

आता जिथे सगळे पडतात तिथे येऊ.

तीन नेकेड घ्या. कावासाकी झेड ६५०, दोन सिलिंडर, ६४९ सीसी: ८००० आरपीएमला ६८ पीएस, ६७०० ला ६४ न्यूटन मीटर. ट्रायम्फ ट्रायडंट ६६०, तीन सिलिंडर, २०२१ मध्ये आली तशी: १०,२५० ला ८१ पीएस, ६२५० ला ६४ न्यूटन मीटर. होंडा सीबी ६५० आर, चार सिलिंडर, ६४९ सीसी: १२,००० ला ९५ पीएस, ९५०० ला ६३ न्यूटन मीटर.

टॉर्क बघा: ६४, ६४, ६३. मग टॉर्कवर पिकअप ठरत असेल तर या तिघींचा पिकअप सारखा हवा. या तिन्ही गाड्या चालवलेला एकही माणूस असं म्हणणार नाही.

आकडा इतका सारखा का आला, हे समजलं की निम्मा गोंधळ संपतो. टर्बो नसलेलं, वॉटरकूल्ड, आजच्या पद्धतीचं पेट्रोल इंजिन दर लिटरमागे साधारण शंभर न्यूटन मीटरच्या आसपास टॉर्क देतं, कारण एका फेरीत सिलिंडरमध्ये किती हवा मावते यावर तो अवलंबून असतो. केटीएम ३९० ड्यूक ३९९ सीसीला ३९ न्यूटन मीटर देते, म्हणजे पुन्हा तेच प्रमाण. एकाच पिढीच्या, एकाच प्रकारच्या इंजिनांची तुलना करताना ब्रोशरमधला कमाल टॉर्क तुम्हाला सीसीच पुन्हा सांगतो. सीसी वर छापलेलीच असते.

खरी माहिती पुढे आहे. वरचं सूत्र उलटं फिरवा. झेड ६५० कमाल पॉवरच्या वेळी ८००० ला साधारण ६० न्यूटन मीटर देत असते. ट्रायडंट १०,२५० ला साडेपंचावन्न देते, आणि होंडा १२,००० ला तेवढाच. तिघी उंची जवळजवळ एकच गाठतात, पण ट्रायडंट ती पुढे दोन हजार फेऱ्या धरून ठेवते आणि होंडा चार हजार. ६८, ८१ आणि ९५ मधला सगळा फरक या धरून ठेवण्यात आहे. आणि होंडाची शिखरं इतकी वर आहेत म्हणजे तिचे कॅम (झडपा उघडणारे दांडे) आणि हवेचे मार्ग वरच्या आरपीएमसाठी बांधलेत. त्याची किंमत खाली मोजावी लागते. तीन हजारला ती शांत असते, जोर सहा-सात हजारनंतर येतो. हे ‘६३ न्यूटन मीटर’ या आकड्यात कुठेही दिसत नाही.

‘लो-एंड’ आणि ‘टॉर्क’ या दोन गोष्टींची गल्लत हे मूळ दुखणं आहे. लो-एंड म्हणजे तीन हजारला किती टॉर्क आहे, आणि टॉर्कचा छापील आकडा म्हणजे सर्वांत जास्त किती, कुठेतरी. पहिली गोष्ट कुठलीही कंपनी ठळक छापत नाही. ती मिळवायलाच तर टेस्ट राइड असते.

इथे गिअरबॉक्सचा घोळ. झेड ६५० पहिल्या गिअरमध्ये इंजिनाचा टॉर्क सुमारे साडेपंधरा पटींनी वाढवून मागच्या चाकाला देते. सहाव्यात जेमतेम साडेपाच पट. म्हणजे ६४ चे पहिल्यात चाकापाशी, घर्षण सोडून दिलं तर, हजारभर होतात आणि सहाव्यात साडेतीनशे. सिग्नलवरून पहिल्यात मूठ पिळली, पुढचं चाक हलकं झालं आणि तुम्ही ‘टॉर्क’ म्हणालात. तुम्हाला गिअर जाणवला. तो प्रत्येक गाडीत असतो. गॅरेजवाला पुढचं पंधरा दात्यांचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चक्र) काढून चौदाचं बसवतो आणि ‘टॉर्क वाढवला’ म्हणतो, तेव्हा इंजिनात काहीही बदललेलं नसतं. प्रत्येक गिअरमध्ये सात टक्के ढकल वाढते आणि त्याच आरपीएमला वेग तेवढाच कमी होतो. करायचं असेल तर खुशाल करा, पण नाव बरोबर घ्या.

गिअर टॉर्क वाढवू शकतो, पॉवर वाढवू शकत नाही. म्हणून एका ठराविक वेगाला मागच्या चाकाला जास्तीत जास्त किती ढकल मिळेल हे त्या क्षणी इंजिन किती पॉवर देऊ शकतं यावरच ठरतं. रॉयल एनफिल्ड इंटरसेप्टर ६५० ची ४७ पीएस आणि ५२ न्यूटन मीटर, चाकणला बनणाऱ्या ३९० ड्यूकची ४६ पीएस आणि ३९. इंटरसेप्टरला नेकेड म्हणावं की नाही हा वाद तूर्त बाजूला ठेवू. टॉप गिअरमध्ये ताशी पन्नासला रमतगमत चालत असताना मूठ उघडली तर इंटरसेप्टर खेचते आणि ड्यूक गुदमरते. तोच वेग ठेवून ड्यूकवर दोन-तीन गिअर खाली आलात, तर १६८ किलोची ती गाडी दोनशेच्या पुढच्या इंटरसेप्टरला मागे टाकते. ‘ड्यूकला टॉर्क नाही’ ही तक्रार करणारा खरं तर ‘मला गिअर बदलायचा कंटाळा आहे’ एवढंच सांगत असतो. तो कंटाळा असणं गैर नाही, पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये तर मुळीच नाही. पण गाडी निवडताना तो मान्य करावा.

मग मित्राकडून मागून आणलेल्या गाडीवर काय करायचं? आधी इंजिन नीट गरम होऊ द्या. गाडीला रायडिंग मोड असतील तर बघा. ट्रायडंट रेन मोडवर ठेवलेली असली तर थ्रॉटल मवाळ वाटतो, आणि लोक इंजिनाला दोष देऊन परत येतात. मोकळ्या रस्त्यावर तिसरा गिअर, चाळीसच्या आसपास, काटा तीन हजारच्या जवळ. इथून मूठ झटका न देता पूर्ण उघडा आणि सत्तरपर्यंत जाऊ द्या. गाडी थरथरते का, लगेच उचलते का, की काही वेळ नुसता आवाज येतो? हा झाला लो-एंड. मग तोच वेग, दुसरा गिअर, तेच पुन्हा. दोन्हींत फारसा फरक वाटला नाही तर इंजिन सपाट आहे. खूप वाटला तर वर जगणारं आहे. झेड ६५० सारख्या केबल थ्रॉटलच्या (मुठीला थेट तार जोडलेल्या) गाडीवर मूठ आणि इंजिन यांचं नातं सरळ असतं, हे मला फार आवडतं.

यासाठी मला बोपदेव घाट पसंत आहे. कोंढव्याकडून पहाटे सासवडच्या बाजूला चढताना वळणातून बाहेर पडून मधल्या गिअरमध्ये चढ ओढायचा असतो, आणि तिथे इंजिन लपवाछपवी करू शकत नाही. मालकाची हरकत नसेल तर मागे कुणाला बसवून चढा. सरळ रस्त्यावर शंभराच्या पुढे नेऊन काहीही कळत नाही, आणि गाडी दुसऱ्याची आहे. आणखी एक गोष्ट लोकांना माहीत नसते: दुचाकीच्या विम्यातलं सक्तीचं अपघात संरक्षण नोंदणीकृत मालक स्वतः चालवत असेल तरच लागू होतं. दुसऱ्याची गाडी मागून घेऊन चालवणाऱ्याला ते नाही. स्वतःचं वेगळं अपघात कवच असेल तरच मागा, आणि टाकी भरून परत करा.

माझा कल स्पष्ट आहे. ज्याला रोज शहर आणि रविवारी घाट करायचा आहे त्याने झेड ६५० किंवा ट्रायडंट घ्यावी, आणि दोनांत मी ट्रायडंट घेईन, कारण ती खाली फार काही सोडत नाही आणि वर दोन हजार फेऱ्या जास्त देते. होंडा अप्रतिम गुळगुळीत आहे, तिचा दहा हजारनंतरचा सूर ऐकण्यासारखा आहे. मात्र ती घेणाऱ्याने गिअर बदलायला डावा पाय कामात ठेवायची तयारी ठेवावी, आणि सहाव्या गिअरमध्ये पन्नासला मूठ पिळून ‘६३ न्यूटन मीटर कुठे गेले’ असं विचारू नये. ते ९५०० ला आहेत, ब्रोशरमध्ये तसंच लिहिलंय.