ग्रेप आलं कुठून

लॉग फाइलमधून, म्हणजे प्रोग्रॅम आपली नोंद लिहून ठेवतो त्या फाइलमधून, एररवाल्या ओळी तेवढ्या काढायच्या म्हटलं की हात आपसूक ग्रेपवर, म्हणजे फाइलमध्ये मजकूर शोधून जुळणाऱ्या ओळी छापणाऱ्या कमांडवर जातो. पायथनमध्ये फाइल उघडून लूप फिरवला, स्प्लिट मारला तरी हिशेब तोच, एक ओळ वाच, बघ, हवी तर छाप नाहीतर पुढे चल. आणि ग्रेपच्या बाबतीत ही ओळीओळीची सवय मेमरीच्या तंगीतून आलीय.

1970च्या दशकाची सुरुवात, न्यू जर्सीतली बेल लॅब्ज ही संशोधन संस्था, मशीन पीडीपी-11 नावाचा कॉम्प्युटर. एका प्रोग्रॅमला वापरता येईल अशी मेमरी जेमतेम 64 केबी, आज व्हॉट्सअ‍ॅपवरचा गुड मॉर्निंगचा फोटो याहून जड असतो. तिथला संशोधक ली मॅकमहोन फेडरलिस्ट पेपर्स घेऊन बसलेला, म्हणजे अमेरिकेतले 1787-88 मधले 85 लेख, तिघांनी मिळून 'पब्लियस' या एकाच टोपणनावाने लिहिलेले, त्यातला कुठला कुणाचा हे त्याला शब्दांवरून ताडायचं होतं. पण एड या एडिटरमध्ये एवढा मजकूर मावेचना! शोधायची सोय एडमध्ये होती, आधी जी, मग दोन तिरक्या रेघांच्या मधे रेग्युलर एक्स्प्रेशन म्हणजे आरई, काय शोधायचं त्याचा नमुना, शेवटी पी, की फाइलभर शोधून सापडलेल्या ओळी छापायच्या. युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम बनवणाऱ्यांपैकी एक, केन थॉम्पसनने तेवढाच भाग वेगळा काढला, अख्खी फाइल न उचलता एकेक ओळ तपासणारा, आणि नाव पडलं त्या कमांडचंच, ग्रेप. एका रात्रीत लिहिला असं सांगतात. थॉम्पसन स्वतः म्हणतो की तो प्रोग्रॅम आधीच 'एस' नावाने आपल्याकडे पडून होता, बेल लॅब्जमधल्याच डग मॅकइलरॉयने मागितल्यावर थोडी डागडुजी करून दिला. मला हेच जास्त पटतं, असली एखादी स्क्रिप्ट सगळ्यांकडेच लपलेली असते. 1973च्या युनिक्स मॅन्युअलमध्ये ग्रेप आलं.

रेग्युलर एक्स्प्रेशन त्याहून जुनं, गणितज्ञ स्टीफन क्लीनीचं, तेही मेंदूतल्या पेशींच्या मॉडेलवर काम करताना सुचलेलं. ते मजकूर शोधायला जुंपलं थॉम्पसनने, 1968 च्या पेपरात. पुढे 1977 मध्ये ओळीचे कॉलम पाडणारं ऑक आलं, तिसरा कॉलम तेवढा दे म्हटलं की काम झालं, आणि 1987 मध्ये पर्ल या प्रोग्रॅमिंग भाषेने सगळंच एका पातेल्यात शिजवलं.

मराठीत शोधायचं तर आपली पंचाईत वेगळीच. अक्षरं बाइटमध्ये साठवायची पद्धत, यूटीएफ-8, सुद्धा थॉम्पसनचीच, 1992 मध्ये सहकारी रॉब पाइकसोबत केलेली. त्यात 'मराठी' म्हणजे 15 बाइट, पहिले 4 कापले तर 'म' आणि पुढे कचरा. त्याहून वैताग 'दुसऱ्या'चा. तो ऱ एकच कॅरेक्टर असू शकतो, किंवा र आणि खाली नुक्ता, किंवा र, हलन्त आणि न दिसणारा झेडडब्ल्यूजे, अक्षरं जोडायला वापरायचं कॅरेक्टर. स्क्रीनवर तिन्ही सारखेच, ग्रेपला मात्र तीन वेगळे शब्द, आणि एररही येत नाही, नुसतं रिकामं आउटपुट. युनिकोड नॉर्मलायझेशन, म्हणजे एकाच अक्षराच्या वेगवेगळ्या रूपांना एका रूपात आणणं, पहिल्या दोघांना एक करतं, तिसरा आपल्या हातानेच रिप्लेस करावा लागतो.