सुतळी, चिकटपट्टी आणि नव्या प्रॉडक्टची संधी

माणूस चंद्रावर गेला १९६९ ला आणि सुटकेसला चाकं लागली त्याच्यानंतर, हा किस्सा तुम्ही कुठल्यातरी फॉरवर्डमध्ये वाचला असेलच. सूर असा असतो की बघा, एवढी साधी गोष्ट कोणाच्या डोक्यात आली नाही! पण ते काही खरं नाही. त्याच्या कितीतरी आधीपासून बॅगेला पट्ट्याने बांधायच्या चाकवाल्या छोट्या गाड्या मिळत होत्या, लोक पदरचे पैसे घालून त्या घ्यायचे, बांधायचे, सोडायचे, पुढच्या प्रवासात परत बांधायचे. म्हणजे गरज अगदी डोळ्यांसमोर होती, फक्त बॅग बनवणाऱ्यांना वाटायचं आपलं काम बॅग बनवायचं, ती नेणाऱ्याचं काय व्हायचं ते होवो.

मग १९७० मध्ये बर्नार्ड सॅडो नावाचा, सुटकेस बनवणाऱ्या कंपनीतलाच माणूस सुट्टीवरून परत येत होता, दोन जड बॅगा घेऊन एअरपोर्टवर वैतागलेला, आणि समोरून एक कामगार अवजड मशीन चाकांच्या फळीवरून आरामात ढकलत चाललेला त्याला दिसला. १९७२ ला पेटंट मिळालं. पण दुकानवाल्यांनी सुरुवातीला त्याला परत पाठवलं, कारण काय तर पुरुष माणूस बॅग उचलणार, ओढणार कशाला! तीही बॅग आडवी, चार चाकांची, पट्टा धरून ओढायची, वळणावर कलंडायची. आज आपण जी उभी बॅग दांडा धरून ओढतो ती १९८७ च्या सुमारास रॉबर्ट प्लाथ नावाच्या पायलटने बनवली, आणि पहिली गिऱ्हाइकं कोण, तर त्याच्याच लायनीतले पायलट आणि विमानातला क्रू.

हे सुचलं पायलटला, यात मला तरी योगायोग वाटत नाही. आपण वर्षातून दोनदा बॅग उचलतो आणि विसरून जातो, त्याला ती रोज उचलायची होती. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठातल्या एरिक व्हॉन हिपेल या प्राध्यापकाने १९७६ मध्ये यावर एक अभ्यास छापला. लॅबमधली वैज्ञानिक उपकरणं घेतली, त्यात झालेल्या १११ सुधारणा तपासल्या आणि मूळ कल्पना कोणाची, पहिला चालता नमुना कोणी बनवला ते शोधलं. जवळपास ८० टक्के वेळा उत्तर आलं, वापरणाऱ्याने! कंपनी नंतर आली, तिने ते नीट करून विकलं. पुढे १९८६ मध्ये त्याने अशा लोकांना 'लीड यूजर' म्हटलं, म्हणजे ज्यांना एखादी अडचण बाकीच्यांच्या बरीच आधी आणि बरीच जास्त जाचते, आणि जे वाट न बघता स्वतःच काहीतरी खटपट करून मोकळे होतात.

म्हणून संधी शोधायची तर मी म्हणेन आधी जुगाड शोधा. कोणी मशीनच्या बटणावर चिकटपट्टी लावून ठेवलीय का, हँडलला कापड गुंडाळलंय का, सुतळीने काय बांधलंय, महागडं सॉफ्टवेअर असताना एक्सेलची वेगळी फाइल कोण ठेवतंय. ज्याने स्वतःचा वेळ घालून जुगाड केलाय त्याला अडचण खरंच आहे, हे त्याने तोंडाने सांगायची गरजच उरत नाही.

आणि विचारायचंच असेल तर "असं असं प्रॉडक्ट आलं तर घ्याल का?" हे कृपया विचारू नका. समोरचा माणूस सभ्य असतो, तो हो म्हणतो, हो म्हणायला त्याचं काय जातं! त्यापेक्षा "मागच्या वेळी हे काम कसं केलंत, पहिल्यापासून सांगा" असं विचारलं की माणूस खरं बोलायला लागतो, कारण आता त्याला कल्पना करायची नसते, आठवायचं असतं. आणि त्यासाठी हजार लोक लागत नाहीत. ॲबी ग्रिफिन आणि जॉन हाउझर या संशोधकांनी १९९३ मध्ये दाखवलं की २० ते ३० जणांशी सविस्तर बोललं तर गरजांच्या यादीतल्या ९० टक्क्यांच्या आसपास गरजा बाहेर येतात. किती लोकांना ती गरज आहे हे मोजायला मात्र मोठा आकडा लागतो, ते काम वेगळं, आणि या दोन कामांची सरमिसळ फार होते.

आता निवडायचं कसं? इथे थोडं गणित करू, समजा म्हणून. तुमच्याकडे १०० कल्पना आहेत, त्यातल्या ५ खरंच चालणाऱ्या आहेत (कुठल्या ते माहीत नाही, माहीत असतं तर काय हवं होतं) आणि तुमची पारख १० पैकी ८ वेळा बरोबर ठरते. ५ चांगल्यातल्या ४ तुम्ही पास कराल. पण ९५ फालतू कल्पनांतल्या २० टक्के, म्हणजे १९, त्याही पास होतील! हातात आल्या २३, त्यातल्या चांगल्या ४. पारख चांगली असूनही सहातल्या पाच चुकीच्या, कारण मुळात चांगल्या कल्पनाच कमी असतात. मग या २३ ना दुसरी, पहिलीपेक्षा वेगळ्या प्रकारची चाचणी लावली, तीही ८० टक्के बरोबर ठरणारी, तर उरतात साधारण ७ आणि त्यात चांगल्या ३. एकदम निम्म्याच्या जवळ! म्हणजे एका मीटिंगमध्ये कितीही हुशार लोक बसवले तरी तो एक चाळणीचा फेरा झाला, लागोपाठ दोन-तीन वेगवेगळ्या आणि स्वस्त चाळण्या लावलेल्या बऱ्या. स्वस्त अशासाठी, की पहिल्या फेरीत बहुतेक कल्पना मरणारच आहेत, त्यांच्यावर कशाला खर्च करायचा.

स्वस्त म्हणजे किती स्वस्त? जेफ हॉकिन्सने पाम पायलट, म्हणजे खिशात मावणारा छोटा कॉम्प्युटर, बनवायच्या आधी त्या मापाचा लाकडाचा ठोकळा कापून घेतला आणि शर्टच्या खिशात घालून फिरला. कोणी भेटीची वेळ ठरवायला लागलं की ठोकळा काढायचा आणि काडीने त्यावर लिहिल्यासारखं करायचं. लोकांनी वेड्यात काढलं असणार. पण खिशात मावतो का, किती वेळा काढावासा वाटतो, कशासाठी काढतो, हे सगळं एकही सर्किट न जोडता कळलं, आणि १९९६ मध्ये बाजारात आलेलं ते यंत्र चाललं.

उलटं बघायचं तर सेगवे, म्हणजे उभं राहून चालवायची दोन चाकांची गाडी. डिसेंबर २००१ मध्ये मोठा गाजावाजा करून आली, त्याआधी सगळं प्रचंड गुप्त, आणि आठवड्याला १०,००० विकल्या जातील असा अंदाज होता. २००६ मध्ये दुरुस्तीसाठी सगळ्या परत मागवल्या तेव्हा कळलं, पाच वर्षांत मिळून विकल्या होत्या साधारण २३,५०० च. इंजिनिअरिंग जबरदस्तच होतं, त्याबद्दल वादच नाही. पण ती फुटपाथवर चालवायची की रस्त्यावर, जिन्यापाशी काय करायचं, पोचल्यावर ठेवायची कुठे, हे प्रश्न ठोकळ्यानेसुद्धा कळले असते.

चाचणी मात्र दुसऱ्या बाजूनेही फसवते, आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. १९६८ मध्ये थ्रीएम या अमेरिकन कंपनीतल्या स्पेन्सर सिल्व्हरला धड न चिकटणारा गोंद सापडला, त्याचं काय करायचं हे वर्षानुवर्षं कोणाला कळेना. १९७४ मध्ये त्याच कंपनीतला आर्ट फ्राय चर्चमध्ये गाताना पुस्तकात खुणेसाठी ठेवलेले कागदाचे तुकडे सारखे पडतात म्हणून वैतागला आणि त्याला तो गोंद आठवला. त्या गोंदाच्या चिठ्ठ्या बनवून कंपनीने १९७७ ला चार शहरांत विकून बघितल्या, आपटल्या. कारण चिकटणारा आणि निघणारा कागद म्हणजे काय हे वापरल्याशिवाय कळणारच कसं! मग १९७८ मध्ये अमेरिकेतल्या बॉइसी शहरात त्या नुसत्या फुकट वाटल्या. वापरलेल्यांपैकी ९० टक्क्यांहून जास्त लोक म्हणाले, आता विकत घेऊ. १९८० मध्ये त्याच चिठ्ठ्या पोस्ट-इट नावाने अमेरिकाभर दुकानात आल्या. पहिल्या चाचणीने नापास केलं होतं ते हेच, तोच गोंद, तोच कागद.