डोळ्यावर टॉर्च मारायचं काम सिस्टरकडं कसं आलं

कोल्हापूरच्या सीपीआर ह्या सरकारी दवाखान्याच्या कॅज्युअल्टीत रात्री कोणी डॉक्टर विचारतो, "सिस्टर, डोळे बघितले काय?" तर त्याला पेशंटला चष्म्याचा नंबर किती ते नको असतं, त्याला बाहुल्या हव्या असतात, किती मोठ्या, दोन्ही सारख्या आहेत का, टॉर्चला आकसतात का. आणि तोच प्रश्न सकाळी डोळ्याच्या ओपीडीत आला की उत्तर वेगळं, उजवा ६/१८, डावा बोटं मोजतो तीन मीटरवर. प्रश्न एकच पण ह्या दोन्हीचा इतिहास एकमेकाशी जवळजवळ संबंध नसलेला आहे, एक आला युरोपातल्या चष्म्याच्या आणि गणिताच्या बाजूनं आणि दुसरा आला रात्री जागणाऱ्या माणसाकडून. नर्सिंगच्या पोरी दोन्ही एकाच चॅप्टरमध्ये पाठ करतात त्यामुळं ते एकच वाटतं.

आधी तक्त्याचं बघू. नजर मोजायची म्हणजे काय मोजायचं हेच १८०० च्या पहिल्या अर्ध्यात नक्की नव्हतं. जर्मनीत क्यूक्लर नावाच्या डॉक्टरनं १८४३ ला अक्षरांचा तक्ता काढला, व्हिएन्नात येगरनं १८५४ ला जवळचं वाचायचे नमुने छापले, पण ह्याचा तक्ता त्याला जुळत नव्हता, म्हणजे एका गावात "चांगलं दिसतं" ते दुसऱ्या गावात कितपत चांगलं ते कळायला मार्ग नाही. हॉलंडात उट्रेख्टला डोळ्याचे डॉक्टर डॉन्डर्स आणि त्यांचे सहकारी हरमन स्नेलेन, ह्या जोडीनं हा घोळ मिटवला. स्नेलेननी १८६२ ला तक्ता काढला आणि त्यातली खरी गोम अक्षरात नाही, मापात आहे. प्रत्येक अक्षर ठरलेल्या अंतरावरून डोळ्याशी ५ मिनिटाचा कोन करतं (अंशाचा साठावा भाग म्हणजे एक मिनिट) आणि अक्षराची एकेक रेघ १ मिनिटाची. हिशोब केला तर सहा मीटरवरून वाचायचं ६/६ चं अक्षर साधारण ८.७ मिलिमीटर उंच येतं आणि वरचं ते मोठं ६/६० चं साधारण ८७ मिलिमीटर. वरचा आकडा पेशंट कुठं उभा आहे तो, खालचा आकडा धड डोळ्याच्या माणसाला तेच अक्षर किती लांबून दिसलं असतं तो. एवढंच. म्हणून ६/६० म्हणजे "साठ टक्के" नाही हो, हे नातेवाईकांना रोज सांगावं लागतं.

ह्याच मापातून पुढची एक गोष्ट फार सोयीची निघाली. ६/६० च्या अक्षराची रेघ साधारण साडेसतरा मिलिमीटर जाड, म्हणजे माणसाच्या बोटाच्या जाडीच्या आसपास. त्यामुळं तक्ता नसला तरी सिस्टर पेशंटसमोर बोटं धरून मागं मागं जाते आणि "किती?" विचारते ते काही अंदाजपंचे नाही, सहा मीटरवर बोटं मोजली तर ढोबळमानानं ६/६०, तीनवर मोजली तर ३/६०. बोटं पण नाही मोजली तर हात हलवायचा, ते पण नाही तर टॉर्च, उजेड कळतो का आणि कुठल्या बाजूनं येतोय ते कळतं का. पिकलेल्या मोतीबिंदूत ही शेवटची पायरी सगळ्यात महत्त्वाची, कारण उजेड कुठून येतो तेच कळत नसेल तर मागचा पडदा किंवा नस गेलेली असू शकते आणि ऑपरेशन करून घरच्यांच्या पदरात निराशाच पडते.

तक्त्याला सहा मीटर लागतात आणि आपल्याकडं सहा मीटरची मोकळी खोली कुठल्या दवाखान्यात असती सांगा. मग तीन मीटरवर आरसा आणि पेशंटच्या डोक्याच्या वर उलट्या अक्षरांचा तक्ता, ही जुनी युक्ती अजून चालते. लाईन मोठी असली की बाकावर बसलेले लोक पुढच्याचं ऐकून ऐकून तक्ता पाठ करतात, खालची ओळ तोंडपाठ. जुन्या सिस्टर त्यामुळं मधनंच उलटीकडून वाचायला लावतात किंवा एकदम तिसऱ्या ओळीतलं दुसरं विचारतात. दुसरी चोरी हाताची. एक डोळा झाकायचा तर बोटांनी नाही, तळव्यानं, कारण बोटांच्या फटीतनं आजोबा मजेत बघत असतात आणि आपण लिहितो उजवा ६/९. आणि दाबून पण झाकायचा नाही, दाबला तर त्या डोळ्याला काढल्यावर थोडा वेळ धूसर दिसतं, पुढचं रीडिंग वाया.

देवनागरी तक्ते चष्म्याच्या दुकानात सर्रास आहेत पण माझं मत विचाराल तर ते मोजायला कच्चे. च आणि श ओळखायला एकसारखे सोपे नाहीत, एका अक्षरात गुंता जास्त आणि दुसऱ्यात कमी, पाच बाय पाचच्या चौकटीत सगळी सारखी बसत नाहीत. न वाचणाऱ्यांसाठी इंग्रजी E चा तक्ता बरा, तीन दांड्या कुठल्या बाजूला ते हातानं दाखवायचं. "आजी, दातं कुठल्या अंगाला हायत, हातानं दावा" एवढं सांगितलं की झालं, शाळा लागत नाही. लॅन्डोल्टची तुटकी रिंग पण त्याच कामाची, १८८८ ची. १९७६ ला मेलबर्नमध्ये बेली आणि लव्ही ह्या दोघांनी प्रत्येक ओळीत पाच अक्षरं आणि सारखं अंतर असा नवा तक्ता काढला, अभ्यासाच्या कामात तोच चालतो, वॉर्डात मात्र स्नेलेनच.

पिनहोल तर त्याहून जुनं. बारीक भोकातून डोळा कसा बघतो ह्याचे प्रयोग क्रिस्टोफ शायनर नावाच्या जेसुइट पाद्र्यानं १६१९ मध्येच मांडलेले, आणि भोकातून बघितलं की नंबरचा डोळा बरं बघतो. आज कार्डाला भोक पाडून सिस्टर तेच करते, भोकातून सुधारलं तर बहुतेक चष्म्याचं काम, नाही सुधारलं तर डॉक्टरकडं.

आता ही मोजणी डॉक्टरच्या हातून बाकीच्यांच्या हातात का आली, तर सरळ कारण, गर्दी. आपल्या भागात ह्याची सुरुवात बघायची तर मिरज. विल्यम वॉनलेस १८९४ ला मिरजेला हॉस्पिटल काढून बसले आणि मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी लांबलांबून लोक यायला लागले, कोल्हापूरकडचे तर हमखास. कोल्हापूरला तेव्हा आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल उभं होतंच, ब्रिटिश युवराजाच्या नावाचं, त्याचंच आजचं सीपीआर. नंतर शिबिरांचा जमाना आला, शाळेच्या खोल्यात ऑपरेशन, आणि शिबिरात शेकडो डोळे तपासायचे तर एकटा डॉक्टर काय करणार. १९६३ ला केंद्र सरकारचा खुपऱ्यांचा म्हणजे ट्रॅकोमाचा कार्यक्रम आणि १९७६ ला राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम आला, त्यात नजर तपासायला डॉक्टर नसलेली माणसं तयार केली गेली. तिथून तक्ता खाली खाली येत पीएचसीत, शाळेत, आशाताईंच्या पिशवीत गेला. २०१७ ला अंधत्वाची सरकारी व्याख्या पण बदलली, आधी ६/६० पेक्षा कमी असलेला माणूस आंधळा धरत, मग ३/६० पेक्षा कमी. म्हणजे तेच आजोबा, तोच डोळा, बोटं सहावर न मोजता चारवर मोजणारे, एका वर्षात व्याख्येतनं बाहेर. जगाशी जुळवून घेतलं हे बरोबर पण आकडा कमी झाला म्हणून टाळ्या वाजवताना हे ध्यानात ठेवावं.

दुसरा इतिहास बाहुलीचा. उजेडानं बाहुली आकसते ती मेंदूच्या रस्त्यानं, हे स्कॉटलंडच्या रॉबर्ट व्हिटनं अठराव्या शतकात सांगितलं. एकोणिसाव्या शतकात लंडनच्या जोनाथन हचिन्सननं डोक्यात रक्त साचलं की एका बाजूची बाहुली मोठी होते ते नोंदवलं, आजही त्याला हचिन्सनची बाहुलीच म्हणतात. कारण असं, आत दाब वाढला की मेंदूचा भाग खाली सरकून तिसऱ्या नसेवर बसतो, आणि त्या नसेत बाहुली आकसवणारे धागे नेमके बाहेरच्या अंगाला असतात, म्हणून पहिला फटका त्यांना. पापणी, बुबुळाची हालचाल हे मागाहून.

पण हे कळून उपयोग कधी, जेव्हा कोणीतरी तासातासाला बघत बसेल तेव्हा. रात्री दोनला सर्जन नाही बसत, सिस्टर बसते. नाइटिंगेलबाईंनी १८५०-६० च्या सुमाराला निरीक्षण हेच नर्सचं मुख्य काम म्हणून मांडलं खरं, पण निरीक्षण करून लिहायचं कशात? जुन्या कागदांवर "झोपाळलेला", "ड्राऊझी", "सेमीकोमा", "हाक मारल्यावर जरा बघतो" असले शब्द, आणि संध्याकाळच्या सिस्टरचा ड्राऊझी आणि रात्रीच्या सिस्टरचा ड्राऊझी एक असेल ह्याची काय गॅरंटी. पेशंट बिघडतोय की होता तसाच आहे ते ड्युटी बदलताना हरवायचं. १९७४ ला ग्लासगोच्या टीसडेल आणि जेनेट ह्या दोघांनी लॅन्सेट ह्या डॉक्टरी मासिकात शुद्ध मोजायचं ग्लासगो कोमा स्केल दिलं आणि ते मुद्दाम असं केलं की डॉक्टर बघो की नर्स, आकडा सारखा यावा. त्यात डोळे, बोलणं आणि हालचाल मिळून आज एकूण पंधरा मार्क, पैकी डोळे उघडण्याला चार, आपोआप उघडे ४, हाकेला ३, दुखवल्यावर २, अजिबात नाही १. माझ्या दृष्टीनं नर्सिंगच्या इतिहासात ही तारीख कुठल्याही कायद्यापेक्षा मोठी आहे, कारण "मला बरा वाटत नाही हा पेशंट" म्हणून फोन केला तर डॉक्टर कूस बदलतो, "चौदाचा अकरा झालाय आणि उजवी बाहुली मोठी" म्हटलं की उठतो. त्याच्या थोडं आधी, १९६५ ला, अमेरिकेत कोलोरॅडोत लोरेटा फोर्ड आणि हेन्री सिल्व्हर ह्यांनी नर्स प्रॅक्टिशनरचा पहिला कोर्स काढला होता, अंग तपासणं हे फक्त डॉक्टरचं काम ही समजूत तिथून ढिली झाली.

टॉर्च मारायची पण रीत आहे. खोलीतला उजेड कमी करायचा, टॉर्च समोरून नाही तर कडेनं आणायचा (समोरून आणला तर माणूस टॉर्चकडंच बघतो आणि जवळचं बघताना बाहुली तशीपण आकसते), ह्या डोळ्यावर मारून ह्याची बघायची आणि त्याच वेळी दुसऱ्याची पण, दोन्ही आकसायला हव्यात. मोबाईलचा फ्लॅश नको, फार प्रखर, पेशंट डोळेच मिटून घेतो. धडधाकट माणसात पाचातल्या साधारण एकाच्या बाहुल्यात मुळातच किंचित फरक असतो, म्हणून पहिल्या तासाची नोंद सोन्याची. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्याची बाहुली वाकडीतिकडी असू शकते. आणि काचेचा डोळा! "फिक्स्ड" म्हणजे बाहुली हलत नाही असं लिहून सगळ्या वॉर्डाला पळवायच्या आधी घरच्यांना विचारलेलं बरं. डोळा सुजून बंदच असेल तर १ लिहायचा नाही, तपासता येत नाही असं लिहायचं.

हा सगळा इतिहास परदेशातला, पण आपल्याकडं त्याचा वापर वेगळ्याच दोन कामाला जास्त झाला. एक औषध प्यायलेला पेशंट. शेतावरच्या कीटकनाशकातलं ऑर्गॅनोफॉस्फरस पोटात गेलं की बाहुल्या मोहरीएवढ्या होतात, तोंडाला फेस, घाम, छाती भरलेली. ॲट्रोपिन चालू केल्यावर पूर्वी बाहुल्या मोठ्या झाल्या की डोस पोचला असं धरायचे, आता छाती मोकळी झाली का, नाडी ऐंशीच्या वर आली का, काख कोरडी आहे का हे आधी बघतात, बाहुली नुसती टाचणीएवढी राहिली नाही म्हणजे पुरे. फुल मोठी करायच्या नादात ॲट्रोपिनचंच विष होतं.

दुसरं मण्यार. शाहूवाडी, पन्हाळा, गगनबावडा ह्या पट्ट्यात रात्री जमिनीवर झोपलेल्याला मण्यार चावते, दुखत नाही, सूज नाही, खूण पण कधी सापडत नाही. पहाटे पोटात दुखतंय म्हणून आणतात आणि घरचे म्हणतात, "रात्रभर झोप न्हाई ओ सिस्टर, म्हणून डोळं मिटाय लागल्यात." इथं पापणी हीच तपासणी. वर बघायला सांगायचं, पापण्या उचलतात का बघायचं, दर थोड्या वेळानं परत. पापणीनंतर गिळणं जातं, मग मान, मग श्वास. आणि ह्यातच ग्लासगोचा आकडा फसवतो, सगळे स्नायू ढिले पडलेला माणूस डोळा उघडत नाही, बाहुल्या मोठ्या आणि टॉर्चला हलत नाहीत, कागदावर मेल्यात जमा, पण आत पूर्ण शुद्धीवर असू शकतो, ऐकत असतो. व्हेंटिलेटरवर असे पेशंट दिवसांनी उठून चालत घरी गेलेले आहेत. म्हणून अशाच्या उशाशी काय बोलायचं ते सांभाळून.

डोळा लाल घेऊन येणाऱ्यात इथला पहिला प्रश्न, "पातं लागलं काय?" उसाचं पातं बुबुळाला घासलं की बुरशीचा अल्सर होतो आणि मेडिकलमधून स्वतः आणलेले स्टिरॉइडचे थेंब घातले की तो दुप्पट जोमानं वाढतो. म्हणून काय लागलं ह्याच्या जोडीला काय घातलं ते पण विचारायचं, दूध, मध, गुलाबपाणी, शेजारच्याचा उरलेला ड्रॉप, सगळं. मग नारिंगी पट्टी लावून निळ्या उजेडात बघायचं, जखम हिरवी चमकते. तो रंग फ्लुरेसीन, बायर नावाच्या जर्मन केमिस्टनं १८७१ ला बनवलेला. आधी तो बाटलीतून थेंबानं घालायचे पण त्या पाण्यात जंतू वाढून धड डोळे जायला लागले, मग १९५१ ला किमुरा नावाच्या डॉक्टरनी कागदाची पट्टी काढली, एक पट्टी एक पेशंट. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात शहाणी सुधारणा बहुतेक हीच.

बाळंतघराचं थोडक्यात, कारण सुईणी आणि नर्सचा डोळ्याशी पहिला मोठा संबंध तिथलाच. जर्मनीत लाइपझिगला क्रेडे नावाच्या डॉक्टरनी १८८०-८१ च्या सुमाराला जन्मलेल्या प्रत्येक बाळाच्या डोळ्यात सिल्व्हर नायट्रेटचा थेंब चालू केला आणि आईच्या गनोरियामुळं आंधळी होणारी पोरं एकदम कमी झाली. आज तो थेंब गेला, पण दोन तीन दिवसाच्या बाळाच्या डोळ्यातनं पू येतोय म्हटलं की सिस्टर अजून घाई करते ती त्याचसाठी. वेळेआधी जन्मलेल्या बाळांना दिलेल्या ऑक्सिजननं पडदा बिघडतो हे १९५० च्या दशकात कळलं, त्यामुळं आता एनआयसीयूतल्या (नवजात बाळांच्या आयसीयूतल्या) सिस्टरच्या वहीत पडदा तपासायची तारीख पण असते.

आणि कोमा स्केलमध्ये डोळे उघडण्याचे चार मार्क होते पण बाहुलीला एकही नव्हता, ती शेजारच्या रकान्यात वेगळी लिहायची. २०१८ ला टीसडेल आणि त्यांच्या साथीदारांनी तो हिशोब जोडला, उजेडाला न हलणाऱ्या बाहुल्या जेवढ्या तेवढे मार्क एकूणातून वजा, म्हणजे सर्वात कमी ३ होता तो आता १ पर्यंत जातो. मोठ्या आयसीयूत आता बाहुली मोजायचं मशीन पण मिळतं, मिलिमीटरचा दहावा भाग दाखवणारं, आपल्या सरकारी वॉर्डात मात्र टॉर्चच आणि त्यातले सेल सिस्टरनं स्वतःच्या पैशानं आणलेले.