निरोगी माणसांनी उलगडलेला आजार

१६ नोव्हेंबर २०२३ रोजी ब्रिटनने आणि त्याच वर्षी ८ डिसेंबरला अमेरिकेने ‘कॅसजेव्ही’ या उपचाराला मान्यता दिली. क्रिस्पर या जनुकीय कात्रीवर आधारलेला हा जगातला पहिला मान्यताप्राप्त उपचार. तो सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारासाठी मंजूर झाला, याची खानदेशात जेवढी चर्चा व्हायला हवी होती तेवढी झाली नाही. नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव, अक्कलकुवा, मोलगी, तोरणमाळ या पट्ट्यात ‘सिकलसेल’ हा शब्द परका राहिलेला नाही. आशाताईच्या वहीत, आश्रमशाळेच्या तपासणीत, वाहकाच्या (म्हणजे दोष अंगात असूनही आजारी नसलेल्याच्या) पिवळ्या आणि रुग्णाच्या लाल कार्डावर तो असतोच. डॉ. सुदाम काटे यांनी अनेक दशके राज्यभर केलेल्या पाहणीत भिल्ल आणि पावरा समाजांत या दोषाचे प्रमाण २० ते ३५ टक्क्यांच्या पट्ट्यात आढळले होते. नंदुरबार हा त्यांनी नोंदवलेल्या सर्वाधिक रुग्णांच्या जिल्ह्यांपैकी एक. या कामासाठी त्यांना २०१९ मध्ये पद्मश्री मिळाली.

कॅसजेव्हीची बातमी वाचताना वाटते की प्रयोगशाळेत कुणाला तरी एकाएकी किल्ली सापडली. तसे झालेले नाही. या शोधाची मुळे शंभर वर्षांहून जुनी आहेत आणि त्यात एक गंमत आहे: डॉक्टर रुग्णांकडे पाहून जेवढे शिकले, त्याहून जास्त ते आजारी न पडणाऱ्यांकडे पाहून शिकले.

सुरुवात मात्र रुग्णापासूनच झाली. वॉल्टर क्लेमेंट नोएल हा ग्रेनाडा बेटावरचा तरुण दंतवैद्यकी शिकायला शिकागोला आला आणि १९०४ च्या डिसेंबरात तिथल्या रुग्णालयात दाखल झाला. त्याच्या रक्तात लांबुळक्या, विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशी दिसल्या. जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये ते प्रसिद्ध केले. आजाराला आजचे नाव मिळाले १९२२ मध्ये. तो पिढीजात कसा उतरतो हे स्पष्ट व्हायला १९४९ उजाडले: आई आणि वडील दोघांकडून सदोष जनुक आले तर मूल रुग्ण, एकाकडूनच आले तर वाहक. वाहकाला बहुधा काहीच त्रास नसतो. लग्न जुळवताना पिवळे कार्ड दिसले की आजही काही घरांतून बोलणी मोडतात, ती या साध्या हिशेबाकडे न पाहता. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक धोका, एकच वाहक असेल तर मूल रुग्ण होत नाही, एवढाच तो हिशेब. जोडीदाराच्या रक्तात हिमोग्लोबिनचा दुसरा कुठला दोष नाही, एवढे मात्र तपासून घ्यावे लागते.

१९४९ हे वर्ष दुसऱ्या कारणानेही मोठे. लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की रुग्णाचे हिमोग्लोबिन विजेच्या क्षेत्रात निरोग्याच्या हिमोग्लोबिनपेक्षा वेगळे सरकते. एखादा आजार एका रेणूतल्या दोषाने होतो, हे प्रथमच सिद्ध झाले. आज तालुक्याच्या ठिकाणी ‘इलेक्ट्रोफोरेसिस करून आणा’ असे सांगतात, ती चाचणी याच प्रयोगाची वंशज. पुढे व्हर्नन इन्ग्रॅम यांनी १९५६-५७ मध्ये दोष नेमका कुठे आहे ते शोधले. १४६ अमिनो आम्लांच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन. एवढ्या एका बदलाने ऑक्सिजन कमी पडताच हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटतात, पेशी वाकडी होते, बारीक रक्तवाहिनी तुंबते आणि हाडापोटात असह्य कळा येतात. पाणी कमी पडणे, ताप, थकवा, थंडी यांनी हा झटका ओढवतो. गुजरातच्या साखर कारखान्यांच्या फडात ऊस तोडायला जाणाऱ्या जोडप्यांच्या वाट्याला यातले काय काय येते, ते वेगळे सांगायला नको.

आता निरोग्यांची गोष्ट. इतका घातक दोष पिढ्यान्‌पिढ्या टिकला कसा? केनियात वाढलेल्या अँथनी अ‍ॅलिसन यांना पूर्व आफ्रिकेत दिसले की किनाऱ्यावर आणि व्हिक्टोरिया सरोवराकाठी वाहकांचे प्रमाण २० टक्क्यांच्या वर, तर उंच डोंगरी भागात एक टक्क्याहूनही कमी. हिवताप जिथे, दोष तिथे. १९५४ मध्ये त्यांनी मांडले की वाहकाला जीवघेण्या मलेरियापासून बऱ्यापैकी संरक्षण मिळते. हे वाचल्यावर आपल्याकडचा इतिहास वेगळा दिसू लागतो. १८१८ नंतर खानदेशात आलेल्या इंग्रज अंमलदारांना सातपुड्याच्या आणि पश्चिमेकडच्या जंगलातल्या तापाची धास्ती होती. ती हवा परक्याला मानवत नाही, भिल्लांनाच मानवते, असा समज तेव्हा रूढ होता. ‘मानवण्या’ची किंमत तिथल्या काही लेकरांनी मोजली, हे कुणाच्या गावी नव्हते. संरक्षण वाहकाला, शिक्षा दोन्हीकडून जनुक मिळालेल्याला.

भारतात हा दोष प्रथम नोंदला गेला तो १९५२ मध्ये, नीलगिरीच्या आदिवासींत आणि आसामच्या चहामळ्यांतल्या मजुरांत. तो इथे कुठून आला, यावर मतभेद आहेत. जनुकाच्या आसपासच्या खुणा पाहून बरीच वर्षे असे मानले गेले की तो जगात अनेकदा स्वतंत्रपणे उपजला आणि त्यातला एक उगम ‘अरब-भारतीय’. २०१८ मध्ये संपूर्ण जनुकसंचांच्या अभ्यासातून एकच उगम सुचवला गेला: आफ्रिकेत, सुमारे ७,३०० वर्षांपूर्वी. मला हा दुसरा दावा वजनदार वाटतो, पण वाद मिटलेला नाही.

उपचारासाठी मात्र उगमापेक्षा त्या अरब-भारतीय खुणेसोबत येणारी दुसरी गोष्ट मोलाची ठरली. १९४८ मध्ये न्यूयॉर्कच्या जॅनेट वॉटसन यांना एक विचित्र गोष्ट दिसली होती. सिकलसेल घेऊन जन्मलेली बाळे पहिले काही महिने ठणठणीत असतात. कारण पोटातल्या बाळाचे हिमोग्लोबिन वेगळे असते, त्याला गर्भ-हिमोग्लोबिन म्हणतात. त्यात बीटा साखळीच नसते, मग दोष कुठे बसणार? जन्मानंतर ते हळूहळू ओसरते आणि आजार डोके वर काढतो. सौदी अरबस्तानाच्या पूर्व भागात आणि भारतात मोठेपणीही हे हिमोग्लोबिन जास्त राहिलेले रुग्ण आढळले आणि त्यांतल्या अनेकांचा आजार सौम्य होता. पश्चिम भारतातल्या आदिवासींत हीच खूण प्रामुख्याने सापडते. यावरून ‘आपल्याकडचा सिकलसेल सौम्यच’ असा सोयीचा निष्कर्ष पुष्कळांनी काढला. तो घाईचा होता. विदर्भातल्या मुलांमध्ये हाच आजार बराच तीव्र दिसला आहे.

बाळाचे हिमोग्लोबिन मोठ्या माणसात परत आणता येईल का, हा प्रश्न तेव्हापासून संशोधकांनी धरून ठेवला. पहिले उत्तर स्वस्त निघाले. हायड्रॉक्सियुरिया हे रसायन जर्मनीत १८६९ मध्येच बनले होते आणि पुढे कर्करोगावर वापरात आले. १९८४ मध्ये दिसले की ते गर्भ-हिमोग्लोबिन वाढवते. १९९५ मध्ये २९९ रुग्णांच्या चाचणीत वेदनेचे झटके जवळजवळ निम्म्यावर आले. १९९८ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. ही गोळी आपल्याकडे बनते आणि सरकारी दवाखान्यांतून दिली जाते. अडचण सातत्याची आहे. ती रोज घ्यावी लागते, मधूनमधून रक्त तपासावे लागते, आणि तोडणीच्या हंगामात कुटुंब काही महिने दुसऱ्या राज्यात असते.

दुसरे उत्तर जनुकातून आले. गर्भ-हिमोग्लोबिन जास्त असलेल्या माणसांचे जनुकसंच पडताळताना बीसीएल११ए हे जनुक पुढे आले. स्टुअर्ट ऑर्किन आणि विजय शंकरन यांच्या गटाने २००८ मध्ये दाखवले की तेच गर्भ-हिमोग्लोबिन बंद करणारे बटण आहे. २०१२ मध्ये जेनिफर डाउडना आणि इमॅन्युएल शार्पेंटिये यांनी क्रिस्परची कात्री मांडली, ज्याला २०२० चे नोबेल मिळाले. कॅसजेव्ही सदोष जनुकाला हातच लावत नाही. रुग्णाच्या रक्त बनवणाऱ्या मूळपेशी काढून त्यांतले बीसीएल११ए चालू ठेवणारा तुकडा तेवढा कापते. अमेरिकी नियामकाने तपासलेल्या ३१ रुग्णांपैकी २९ जण किमान सलग १२ महिने तीव्र झटक्यांपासून मुक्त राहिले. पण त्या पेशी शरीरात परत सोडण्याआधी मज्जा रिकामी करणारी केमोथेरपी, अनेक आठवडे रुग्णालय आणि अमेरिकेत २२ लाख डॉलर किंमत. भारतात दिल्लीच्या सीएसआयआर-आयजीआयबी संस्थेने स्वतःचे क्रिस्पर तंत्र विकसित केले असून त्या उपचाराला बिरसा मुंडांवरून ‘बिरसा १०१’ असे नाव दिले आहे.

नवे ते सगळेच टिकते असेही नाही. २०१९ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेले व्होक्सेलोटर हे सिकलसेलवरचे औषध कंपनीने सप्टेंबर २०२४ मध्ये जगभरातून मागे घेतले. उलट १९८६ चा एक साधा शोध अजून भक्कम उभा आहे. लहान रुग्णांना रोज पेनिसिलिन दिले तर न्यूमोकॉकस या जिवाणूचा गंभीर संसर्ग ८४ टक्क्यांनी घटतो, हे दिसल्यावर ती चाचणी मुदतीआधीच थांबवावी लागली होती.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल इथे सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल अभियानाने ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन असे लक्ष्य ठेवले आहे. पाड्यावर होणारी सोल्युबिलिटी चाचणी स्वस्त आणि झटपट आहे, पण पहिल्या सहा महिन्यांत ती भरवशाची नसते. बाळाला जपणारे गर्भ-हिमोग्लोबिनच तिला चकवते. पेनिसिलिन तर दोन-तीन महिन्यांच्या वयापासून सुरू करायचे असते. म्हणून नवजात बाळाच्या टाचेतून थेंबभर रक्त कागदावर घेऊन ते हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणाऱ्या एचपीएलसी यंत्रापर्यंत पोचवावे लागते. आणि अहवाल येईल तेव्हा आई-बाळ ज्या गावात किंवा उसाच्या ज्या फडावर असतील, तिथे तो पोचवावा लागतो.