वस्तरा : साठवण आणि निगा

मुठीत मिटणारे, अखंड पोलादी पात्याचे दाढीचे हत्यार म्हणजे वस्तरा. न्हाव्याच्या धोकटीत कातर, चिमटा, नराणी यांच्या जोडीला तो असायचाच. रक्तातून पसरणाऱ्या रोगांच्या धास्तीने सलूनमध्ये आता दर गिऱ्हाइकाला नवे ब्लेड लावतात. जुने वस्तरे उरले ते बहुधा घरच्या ट्रंकेत, आजोबांची आठवण म्हणून, आणि काही हौशी मंडळींकडे. ट्रंकेतला वस्तरा लवकर खराब होतो. रोजच्या वापरातला निदान रोज पुसला तरी जातो.

पाते सहसा जास्त कार्बनच्या पोलादाचे असते. त्याला धार सुरेख लागते, पण गंज अडवणारे क्रोमियम त्यात फारच कमी. गंज चढायला पाते भिजावेच लागते असे नाही. हवेतली सापेक्ष आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर गेली की पात्यावर न दिसणारा पाण्याचा थर धरतो, आणि कोल्हापुरात जून ते सप्टेंबर हवा बहुतेक दिवस याहून दमट असते. पाठीवरचा ठिपका पुसून निघतो. धारेवरचा तेवढाच ठिपका धारेला खाच पाडतो.

कोल्हापुरात चामडे हाताशी, त्यामुळे वस्तऱ्याला चामड्याची खोळ शिवून घ्यावीशी वाटते. ती मुळीच शिवू नये. कोल्हापुरी चपलेचे चामडे बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात. त्यातले टॅनिन दमट हवेत लोखंडाशी संयोग पावते आणि पाते काळे पडते. हिरडा व हिराकस मिसळून काळी शाई करतात, तीच ही प्रक्रिया. चामड्याचा पट्टा धार परतायला हवाच, पण वस्तरा त्यात गुंडाळून ठेवू नये.

दाढी झाली की पाते धुऊन पाठीकडून धारेकडे पुसावे. तुरटीचा हात पात्याला लागू देऊ नये. तुरटीचे पाणी आम्लधर्मी असते. पाणी लपते ते पाते मुठीला जोडणाऱ्या खिळीपाशी, म्हणून फडक्याचे टोक पीळ देऊन तिथे फिरवावे आणि वस्तरा काही तास उघडाच ठेवावा. महिनोन्‌महिने ठेवायचा असेल तर शिलाई मशीनच्या तेलाचा पातळ हात द्यावा. खोबरेल रोजच्या वापराला चालते, मात्र ठेवणीत ते खवट होते. जवसाचे तेल तर वाळून चिकट पापुद्रा धरते. मग घट्ट झाकणाच्या डब्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलची पुडी टाकून कपाटात ठेवावा. न्हाणीघरात कधीच नको.

जुन्या वस्तऱ्यांच्या सेल्युलॉइड (जुन्या प्रकारचे प्लास्टिक) मुठीला वेगळा नियम लागतो. घासल्यावर तिला कापरासारखा वास येतो. ती कुजू लागली की नायट्रोजनच्या ऑक्साइडांची आम्लधर्मी वाफ सुटते. मग तेल लावलेले पातेही नेमके मुठीत झाकले जाते तिथेच गंजते, आणि पितळी खिळीभोवती हिरवट कण धरतात. असा वस्तरा बंद डब्यात नको. उघडा आणि इतरांपासून दूर ठेवावा.

२०१९ आणि २०२१ च्या पुरांत पंचगंगेचे पाणी घराघरांत शिरले. अशा पाण्यातून निघालेला वस्तरा हिसका देऊन उघडू नये. गाळाची कणी धार खरवडते. स्वच्छ पाण्यात ठेवून गाळ सुटू द्यावा, पूर्ण वाळवावा, मग खिळीत तेलाचा थेंब सोडावा. नारिंगी गंज तेलाच्या फडक्याने निघतो. काळे खड्डे धारेपर्यंत पोहोचले असतील तर पाते दगडावर नव्याने लावून घ्यावे लागते.